माळवदाच्या घरात बेसबॉलच्या कॅप्स

परभणी जिल्ह्यातल्या सेलूतल्या आमच्या जुन्या घराचं माळवद अजून शाबूत आहे. सागवानी तुळया, त्यांवर फळ्या, त्यांवर पाला-काटक्यांचा थर आणि सगळ्यात वर हातभर पांढरी माती. बाहेर पारा ४२-४३ ला टेकलेला असताना आत दुपारची डुलकी लागते ती या मातीच्या जिवावर. पण हीच माती फळ्यांच्या फटींतून बारा महिने खाली झिरपते. मैद्यासारखी बारीक. दूध असो, पीठ असो, उघडं काही ठेवायचं नाही हा आमच्या घरचा जुना दंडक. अशा घराच्या पुढच्या खोलीत मला बेसबॉलच्या कॅप्सचा संग्रह मांडायचा होता.

मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलो, आता मुलींचा संघ तयार करतो. सॉफ्टबॉल-बेसबॉलचं वेड असलेली माणसं मराठवाड्यात बरीच आहेत, बाहेरच्यांना ते फारसं ठाऊक नसतं. आमच्या वेळी बॅट संघाची, ग्लोव्ह संघाचा, कॅप तेवढी स्वतःची असायची. स्पर्धा संपली की समोरच्या संघातल्या कुणाशी तरी कॅपची अदलाबदल व्हायची. नाद तिथून लागला. पुढं न्यू जर्सीला गेलेला वर्गमित्र दर खेपेला एखादी आणत गेला. संभाजीनगरला गेलो की जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगातून काही मिळाल्या. आता साठाहून जास्त कॅप्स झाल्या आहेत. त्या सगळ्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत, पलंगाखाली होत्या.

पेटी रिकामी केली तेव्हा दोन-तीन कॅप्सवर बारीक भोकं दिसली. नवल म्हणजे भोकं सगळ्या कॅप्सना नव्हती. सुती कॅप्स ठीक, चकचकीत नव्या कॅप्स ठीक, आणि गडद निळ्या जाड कापडाच्या जुन्या कॅप्सचीच चाळणी. पुतण्या परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र शिकतो. तो सुट्टीत आला होता. त्यानं कॅप उजेडात धरली, आतली पट्टी उलटली आणि शिवणीतून तपकिरी, केसाळ अशी एक सुकलेली कात नखानं काढून तळहातावर ठेवली. जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढी.

"काका, ही कसर नाही. कसरीला खळ, कागद, डिंक लागतो. ही भुंग्याच्या जातीची अळी आहे, ती लोकर खाते. केस, पिसं, लोकर, यातलं प्रथिन तिला पचतं. सुताला ती सहसा तोंड लावत नाही. पॉलिस्टरमध्ये तिला खायलाच काही नाही."

त्या एका वाक्यानं पुढचं सगळं काम सुरळीत झालं. अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या, म्हणजे मेजर लीग बेसबॉलच्या, खेळाडूंच्या डोक्यावरची कॅप बफेलो शहरातली न्यू एरा ही कंपनी बनवते. ही कंपनी १९२० सालची. तिची ५९फिफ्टी नावाची, मापात येणारी कॅप १९५४ ला निघाली, आणि १९९३ पासून लीगच्या सगळ्या संघांना मैदानावरची कॅप तीच पुरवते. या मैदानी कॅप्स लोकरीच्या असायच्या. २००७ ला त्या पॉलिस्टरच्या झाल्या, घाम लवकर सुकावा म्हणून. म्हणजे माझ्या संग्रहात २००७ च्या आधीची मैदानी कॅप असेल तर ती अळीचं जेवण, आणि नंतरची असेल तर निर्धास्त. सालावरून कॅपची निगा ठरते, हे मला फार मोलाचं वाटलं.

जिथं साल ठाऊक नव्हतं तिथं धागा जाळून पाहिला. आतल्या शिवणीचा सुटलेला तंतू चिमट्यात धरायचा आणि काडी लावायची. केस जळल्याचा वास आला की लोकर. कागद जळल्यासारखा वास आणि भुरकट राख म्हणजे सूत. आणि जळण्याऐवजी वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर. काही कॅप्समध्ये भेसळीचं कापड निघालं, वासही येतो आणि मणीही होतो. त्या मी लोकरीच्या ढिगात घातल्या. संशय आला की लोकर समजायचं, असा नियम केला.

आता लोकरीच्या ढिगात अंडी असतील तर काय करायचं? आई म्हणाली कडुनिंबाचा पाला घाल. ज्वारीच्या कणगीत आणि शालींत तिनं जन्मभर तोच घातला. पाल्यानं किडे लांब राहतात हे खरं, पण आत बसलेली अंडी त्यानं मरत नाहीत. डांबराच्या गोळ्यांचं पुतण्यानं नावच काढू दिलं नाही. घरात लहान लेकरं, बंद खोली, तो वास छातीत जातो. शिवाय दुकानात टोप्या मांडायला थर्माकोलची डोकी मिळतात, त्या थर्माकोलला डांबरगोळ्यांची वाफ चक्क खड्डे पाडते. वस्तुसंग्रहालयं लोकरी वस्तूंना थंडी देतात. उणे १८ अंशांला दोन आठवडे, हवाबंद पिशवीत.

घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा सारखा उघडतो, तिथं तेवढी थंडी टिकत नाही. बसस्टँडजवळ आइस्क्रीमचं दुकान चालवणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. थंडीचे दिवस असल्यानं त्याच्या डीप फ्रीझरमध्ये एक खण रिकामा होता. प्रत्येक कॅप मऊ कापडात गुंडाळली, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातली, हवा दाबून काढली, तोंड चिकटपट्टीनं बंद केलं आणि कुल्फीच्या शेजारी रचून ठेवल्या. त्यानं एका शब्दानंही कशाला म्हणून विचारलं नाही. लाईट गेली की इन्व्हर्टरवर फ्रीझर चालू आहे ना, एवढं मात्र तो मला फोन करून सांगायचा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, हे महत्त्वाचं. थंड वस्तूवर हवेतलं पाणी धरतं. ते पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरू द्यायचं, कॅपला नाही. पूर्ण दिवस तशाच ठेवल्या, मग उघडल्या आणि मऊ ब्रशनं शिवणी झाडून घेतल्या.

धुण्याबद्दल लिहायला हवं, कारण आपल्याकडं पाणी हा मोठा प्रश्न आहे. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर चढतो. त्या पाण्यात काळी कॅप धुतली की वाळल्यावर क्षाराचे नकाशे उमटतात, आणि घामाच्या मिठाची पांढरी रेघ आधीच असते ती वेगळी. म्हणून धुवायला जारचं पाणी वापरलं. आधी पांढरा ओला कपडा आतल्या कोपऱ्यावर दाबून पाहायचा, रंग लागला तर त्या कॅपला पाणी दाखवायचं नाही. लोकरीला गार पाणी आणि रिठ्याचा थोडा फेस, फक्त घामपट्टीला, बोटानं थोपटत. कोमट पाणीसुद्धा नको, लोकर आखडते आणि ५९फिफ्टीसारख्या मापाच्या कॅपला मागं पट्टी नसते, एकदा आखडली की डोक्यात जातच नाही. व्हायझर, म्हणजे डोळ्यांवरचा पुढचा भाग, जुन्या कॅप्समध्ये पुठ्ठ्याचा असायचा. १९८० च्या दशकात तो प्लास्टिकचा झाला. टिचकी मारली की कळतं, पुठ्ठा बद्द वाजतो. पुठ्ठ्याचं व्हायझर भिजलं की फुगतं आणि परत सरळ होत नाही. माझ्याकडच्या अशा कॅप्स मी फक्त कोरड्या पुसतो. वाळवायला सावली, आणि पालथा घातलेला स्टीलचा डबा. प्रत्येक कॅपच्या मापाचा डबा स्वयंपाकघरात सापडतोच. बायकोनं त्यासाठी डाळीचे डबे रिकामे करून दिले, आणि "अहो, आठ दिवसांत परत पाहिजेत" अशी अटही घातली.

आता मांडणी.

बेसबॉलची कॅप साधारण सहा कळ्यांची, म्हणजे कापडाच्या सहा निमुळत्या तुकड्यांची, असते. पुढच्या दोन कळ्यांना आतून बकरम लावलेलं असतं, शिंपी कॉलरला लावतात तेच. त्या बकरममुळं कपाळाचा भाग ताठ उभा राहतो आणि त्यावर संघाचं अक्षर भरलेलं असतं. कॅप डोक्यावर असते तेव्हा डोकं तिला आतून धरतं. डोक्यावरून उतरली की तिला धरणारं कुणी नसतं, आणि उन्हाळ्यात आपल्याकडच्या उकाड्यात बकरम मऊ पडून खचतं. संग्रह करणाऱ्यानं सगळ्यात आधी हाच विचार करावा असं माझं ठाम मत आहे. कॅपला आतून आधार पाहिजे, मग ती दाखवायला ठेवा नाहीतर पेटीत ठेवा.

वर्तमानपत्राचा बोळा कोंबणं सगळ्यांना सुचतं. त्याची शाई उतरते, कागद पिवळा पडतो आणि त्याचं आम्ल कापडात जातं. थर्माकोलची डोकी एकाच मापाची येतात, शिवाय आमच्याकडं उंदीर ती कुरतडतात. मग डोक्यात आलं, आपण बसलोय कुठं? सेलू-मानवत म्हणजे कापसाचा मुलूख. जिनिंगच्या धुरळ्यात आम्ही वाढलो. गादीघरवाल्या चाचांकडं गेलो आणि म्हणालो, मला डोक्याच्या आकाराच्या गाद्या पाहिजेत.

"सर, एवढी छोटी गादी कुणाच्या लेकराला?"

कॅप काढून दाखवली, आत मूठ घालून आकार दाखवला. चाचांनी कॅप उलटी धरली, आत बोटं फिरवली, टोकावरच्या बटणाच्या आतल्या गाठीवर अंगठा टेकवला आणि म्हणाले, इथं दाब यायला नको, इथं कापूस कमी भरतो. मी सांगायच्या आधी त्यांनी ओळखलं. मांजरपाट दोनदा धुऊन घेतलं, खळ राहिली तर कसर येते म्हणून. त्याच्या घुमटाकार खोळी शिवल्या, तळाला चपट्या, आणि त्यात सरकी काढलेला, पिंजलेला नुसता कापूस. मापं मी लिहून दिली होती. अमेरिकी माप इंचाच्या अपूर्णांकात असतं, सव्वासात म्हणजे घेर साधारण ५८ सेंटिमीटर, आणि पुढं दर एक अष्टमांशाला जवळपास एक सेंटिमीटर वाढतो. गादी त्यापेक्षा बोटभर कमी घेराची ठेवली. घट्ट बसली की कॅप ताणली जाते, तेही वाईटच.

गाद्या घरी आणल्या तेव्हा आई ओसरीवर बसली होती. "हे काय करायलास रं? टोप्यांला गाद्या?" मग एक हातात घेऊन तिनं दाबून पाहिली. "कापूस चांगला घातलाय," म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या खोळींची तोंडं तिनंच हातशिलाईनं पक्की केली. आजोबा पटका गुडघ्यावर कसा ठेवायचे, खुंटीला तो कधीच का अडकवत नसत, हे ती शिवता शिवता सांगत होती. पटक्याचा पीळ खुंटीनं मोडतो. कॅपचंही तेच आहे. आमच्या पुढच्या खोलीत भिंतीत सागवानी खुंट्या आहेत, बघणारा प्रत्येक जण म्हणतो की कॅप्स टांगायला किती छान. पण खुंटीचं टोक कॅपच्या माथ्यात घुसतं आणि उन्हाळ्याच्या एका हंगामात तिथं टेंगूळ येतं. खुंट्यांवर मी फक्त बकरम नसलेल्या मऊ सुती कॅप्स ठेवल्या, त्याही मागच्या पट्टीत सुती नाडी ओवून.

खरी जागा निघाली ती कोनाड्यांची. दगड-मातीच्या त्या भिंती दोन फुटांहून जाड, कोनाडे फूटभर खोल. कॅप व्हायझरसकट जेमतेम ११ इंच लांब भरते. कोनाड्यात ती अशी बसते की वाटावं तिच्याच मापानं बांधलाय. ऊन तिथं पोचत नाही, कारण खोलीला पश्चिमेची खिडकीच नाही, उजेड येतो तो माळवदातल्या झरोक्यातून आणि दारातून. रंगाचा खरा वैरी उजेड. पडलेला प्रत्येक किरण कापडाच्या खात्यावर जमा होत जातो आणि उडालेला रंग कशानंच परत येत नाही. लाल आणि जांभळा आधी जातो. फ्लॅटमधल्या मित्रांना मी एवढंच सांगेन, खिडकीसमोरची भिंत सोडा, काचेला फिल्म लावली तरी सोडा.

कोनाड्याची अडचण चुन्याची. चुना हाताला लागतो तसा कॅपलाही लागतो, आणि लोकरीला क्षार सोसत नाही. मिस्त्रींनी प्रत्येक कोनाड्यात तळाला आणि पाठीला पातळ सागवानी फळी बसवली, तिच्यावर मांजरपाट. पुढं काचेचं झडपं. मी म्हणालो घट्ट बसवा, माती जायला नको. मिस्त्री म्हणाले, "सर, मातीची भित पावसाळ्यात घाम सोडती. घट्ट लावलं तर आत बुरशी धरंल." त्यांनी काचेखाली बोटभर फट सोडली आणि तिला सुती कापडाची पट्टी लावली. हवा जाते, धूळ अडते. भिंतीच्या पोटातला ओलावा त्यांना जन्मभराच्या कामातून माहीत होता.

आणि वरच्या मातीचा बंदोबस्त जुन्याच रीतीनं केला. लग्नकार्यात बांधतात तसं कापडाचं छत. मांजरपाटाचे पन्हे शिंप्याकडून जोडून घेतले, तुळयांना लाकडी पट्ट्या ठोकून ताणून बसवलं. कडेला एक बाजू नाडीची ठेवली, ती सोडली की साचलेली माती घमेल्यात उतरवता येते. दिवाळीच्या सफाईला हे काम आता ठरलेलं आहे.

सगळ्या कॅप्स एकदम मांडल्या नाहीत. कोनाड्यांत मावतात तेवढ्याच बाहेर, बाकीच्या पेटीत. त्याच पत्र्याच्या पेटीत, पण आतून जाड मांजरपाटाचं अस्तर, म्हणजे गंजाचा डाग लागणार नाही. पेटीत प्रत्येकीला गादी मिळत नाही. तिथं एकीच्या पाठीला दुसरीचं कपाळ टेकवून ओळीनं उभ्या ठेवतो, ओळीच्या दोन्ही टोकांना गादी. बकरमचा भाग कधीही आत दुमडत नाही. बाजारात मागच्या कळ्या पुढं ढकलून अर्ध्या करून रचतात, ते दुकानदारापुरतं ठीक. अस्तराच्या खाली सिलिका जेलच्या पुड्या, आणि आईच्या समाधानासाठी वाळलेल्या कडुनिंबाची पुरचुंडी. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पेटी उघडून शिवणी तपासायच्या, गाद्यांना ऊन दाखवायचं. कॅप्सना नाही, फक्त गाद्यांना.

बाहेर कुठल्या ठेवायच्या यावर घरात बरीच चर्चा झाली. एन-वाय अक्षरांची न्यूयॉर्क यँकीजची कॅप मोंढ्यातल्या हमालापासून कॉलेजच्या पोरापर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर दिसते, पण ती बेसबॉलच्या संघाची आहे हे क्वचित कुणाला ठाऊक असतं. म्हणून ती दाराजवळच्या कोनाड्यात, ओळखीची म्हणून. तिच्या शेजारी ब्रुकलिन डॉजर्सची निळी, पांढऱ्या 'बी'ची, नव्यानं बनवलेली प्रतिकृती. १९४७ ला जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ती घालून मैदानात उतरला आणि मोठ्या लीगमधली वर्णाची भिंत पडली. त्याचा ४२ क्रमांक १९९७ पासून लीगमधल्या सगळ्याच संघांनी त्याच्या सन्मानार्थ बाजूला ठेवला. माझ्या संघातल्या मुली ही गोष्ट ऐकताना पुढं सरकून बसतात, त्यांना ती समजावून सांगावी लागत नाही.

मधल्या कोनाड्यात पिट्सबर्ग पायरेट्सची काळी, सोनेरी 'पी'ची. २००८ ला रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंशी या संघानं करार केला. भारतात भरलेल्या चेंडूफेकीच्या एका स्पर्धेतून ते निवडले गेले होते, त्याआधी बेसबॉल खेळलेच नव्हते. भाला टाकणारा हात चेंडूही टाकू शकतो हे मी मैदानावर सांगतो तेव्हा ती कॅप कामाला येते. मॉन्ट्रियल एक्स्पोजची निळी-पांढरी-लाल मात्र माझ्या हट्टापायी आहे. २००४ च्या हंगामानंतर तो संघ वॉशिंग्टनला गेला, नावही गेलं. संघ उरला नाही तरी कॅप उरते, म्हणून तिला मी सगळ्यात जास्त जपतो. तिचं पांढरं कपाळ उजेडात पिवळं पडायला वेळ लागत नाही, त्यामुळं ती महिना-दोन महिने बाहेर आणि मग पेटीत.

मुलींना कॅप हाताळायची असते. त्यांना नाही म्हणणं मला पटत नाही. काचेआडून बघून कॅप कळत नाही. व्हायझरवर शिवणीच्या आठ ओळी आहेत हे बोट फिरवलं की कळतं, बकरम कुठं संपतं हे दाबून पाहिलं की कळतं. म्हणून एक फळी उघडी ठेवली आहे, अदलाबदलीत मिळालेल्या आपल्याकडच्या संघांच्या कॅप्सची. हात साबणानं धुऊन, पुसून यायचं आणि कॅप व्हायझरच्या दोन्ही कडांना धरून उचलायची. माथ्याला चिमटीत धरायचं नाही, बोटांचं तेल आणि घाम तिथंच बसतो. एवढं सांगितलं की पोरी इतक्या अलगद उचलतात की मोठ्यांनी शिकावं.

एक काम अजून अर्धवट आहे. दोन जुन्या कॅप्सना घामपट्टी चामड्याची आहे, आणि ती आपल्या उन्हाळ्यात कडक होऊन चिरायला लागली आहे. परभणीच्या एका अनुभवी चांभारकाकांनी पट्टी हातात घेऊन सांगितलं की तेल लावलं तर चामडं मऊ होईल, पण तेल लोकरीत उतरेल आणि काळा डाग पडेल. लोकर वाचवायची तर पट्टी उसवून वेगळी करावी लागेल, तिला मलम लावून मुरवायचं आणि जुन्याच भोकांतून परत शिवायची. उसवायला मन धजत नाही. तोवर या दोन कॅप्स जमिनीलगतच्या कोनाड्यात ठेवल्या आहेत, घरातली सगळ्यात गार जागा तीच. पावसाळा सरला की काकांनाच सेलूला बोलावणार आहे, माझ्यासमोर बसून एक पट्टी करा म्हणून.